बफर, बफर काय लावलंय?

मागच्या आठवड्यात युक्रेनवर मी चार ओळी लिहिल्या आणि खाली कमेंटचा पाऊस पडला. शिव्या बाजूला ठेवते, त्यांना उत्तर नसतं. मला जास्त टोचल्या त्या शांत, समजूतदार सुरातल्या कमेंट. "ताई, भावनेत वाहू नका, मोठ्या देशाच्या शेजारी बफर लागतोच." "युक्रेननं गुमान बफर म्हणून राहायचं होतं, कशाला नाटोच्या नादी लागला?" "पोलंड आणि ते बाल्टिकवाले म्हणजे अमेरिकेची प्यादी." आणि सगळ्यात कहर म्हणजे, "लहान देशानं आपली पायरी ओळखून राहावं."

हे लिहिणारे कुणी परके नाहीत. माझ्या शाळेतले सर आहेत, नात्यातले काका आहेत, कॉलेजचे मित्र आहेत. म्हणून एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितेय. लांब आहे. वेळ काढून वाचा, मग भांडा.

मी वॉर्सात आंतरराष्ट्रीय संबंध शिकतेय, दुसरं वर्ष आहे. तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. पण माझ्या वर्गात ज्या देशांना तुम्ही "बफर" म्हणता, त्या जवळजवळ सगळ्या देशांतली पोरं बसतात. त्यांच्यासोबत जेवते, भांडते, परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स मागते. त्यामुळं "बफर" हा शब्द ऐकला की मला नकाशावरचा रंग दिसत नाही, पहिल्या बाकावरची मुलगी दिसते.

आधी शब्दच बघू. बफर हा शब्द आपल्याला कुठून माहीत? रेल्वेतून. दोन डबे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये जे लोखंडी बोंडूक असतं, ते बफर. त्याचं काम एकच, दोन्हीकडून धक्के खायचे. डब्यातला प्रवासी "बफर पाहिजेच" म्हणतो, ते बरोबरच आहे, कारण धक्का त्याला बसत नाही. पण बफरला कुणी विचारलंय का? आणि इथं बफर लोखंडाचा नाही. चार कोटी माणसांचा आहे.

आता इतिहास. कारण "इतिहास वाच" असा सल्ला मला सगळ्यात जास्त मिळालाय.

१७७२ साल. आपल्याकडं थोरले माधवराव थेऊरला गेले ते वर्ष. त्याच वर्षी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन मोठ्या शेजाऱ्यांनी पोलंडचा पहिला लचका तोडला. १७९३ साली दुसरा. १७९५ साली, म्हणजे आपली खर्ड्याची लढाई झाली त्या वर्षी, तिसरा. आणि पोलंड संपला. नकाशावरून नाव गेलं ते १९१८ पर्यंत. १२३ वर्षं! या १२३ वर्षांत पोलिश माणूस होता, भाषा होती, कविता होती, बंडं होती, देश मात्र नव्हता. का? तर तीन सत्तांना आपापसातला तोल सांभाळायचा होता आणि तो पोलंडला कापून सांभाळला. तुमच्या भाषेत याला "समतोल" म्हणतात.

मग १९३९. २३ ऑगस्टला हिटलर आणि स्टालिन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी मॉस्कोत करारावर सह्या केल्या. वरून करार एकमेकांवर हल्ला न करण्याचा, आत गुप्त कलमं. कोणता देश कुणाच्या "प्रभावक्षेत्रात" याची वाटणी. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मनी घुसला, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौज. १९४० च्या वसंतात कातिन आणि इतर ठिकाणी मिळून सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी, पोलीस, डॉक्टर, शिक्षक सोव्हिएत गुप्त पोलिसांनी गोळ्या घालून मारले. आणि नंतर पन्नास वर्षं ठामपणे सांगितलं की हे जर्मनांनी केलं. कबुली आली १९९० च्या एप्रिलमध्ये, गोर्बाचेव्हच्या काळात. म्हणजे माझ्या वर्गमित्रांच्या आई-वडिलांनी शाळेत या विषयावर अधिकृत खोटं शिकलंय. घरी आजी खरं सांगायची आणि "शाळेत बोलू नको" म्हणायची.

इथं कोल्हापूरकरांना एक आठवण करून द्यायची आहे. त्याच १९४० आणि ४१ मध्ये पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सोव्हिएत सरकारनं मालगाड्यांत घालून सैबेरिया, कझाकस्तानला हाकलली. म्हातारी, बायका, पोरं. पुढं हिटलरनं रशियावरच हल्ला केल्यावर त्यातल्या काहींची सुटका झाली आणि ती इराणमार्गे जगभर विखुरली. त्यातली सुमारे पाच हजार माणसं १९४३ ते १९४८ या काळात कुठं राहिली? आपल्या वळिवड्याला! पंचगंगेच्या काठी. त्यांची शाळा होती, चर्च होतं, दवाखाना होता. आपल्या भागातल्या जुन्या माणसांनी ती गोरी पोरं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीत. जामनगरच्या जामसाहेबांनी पोलिश अनाथ मुलांना आसरा दिला, तर इथं वॉर्सात त्यांच्या नावानं चौक आहे. कोल्हापूरचंही स्मारक आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान आले तेव्हा तिथं फुलं वाहिली. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर "नाद खुळा कोल्हापूर" असे मेसेज फिरले होते. मीही फिरवले.

पण गोष्ट तिथंच थांबवायची नाही. युद्ध संपल्यावर ही माणसं घरी का गेली नाहीत? बहुतेकांना घरच उरलं नव्हतं. त्यांची गावं, त्यांचं ल्वूफ शहर, सगळं मोठ्यांनी बसून सोव्हिएत संघाच्या पदरात टाकलं होतं. म्हणून वळिवड्यातली माणसं ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जिथं जागा मिळेल तिथं गेली. आणि त्यांच्या रिकाम्या बराकींत कोण आलं? फाळणीत सिंध सोडून आलेले आपले सिंधी बांधव. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जिथं जातो तेच. एकाच जागेवर, एकापाठोपाठ एक, दोन वेगळ्या नकाशांवर मारलेल्या रेघांनी उठवलेली माणसं येऊन राहिली. आणि त्याच जिल्ह्यातून मला कुणी सांगतं की "बफर लागतोच, भावनेत वाहू नका." अहो, त्या बफरमधली माणसं आपल्या दारात पाच वर्षं राहून गेली!

आता वर्गातलं सांगते. कारण "युरोप" म्हणून जे एकच गाठोडं आपण करतो, ते इथं पहिल्या आठवड्यात सुटतं.

एस्टोनियाची एक मुलगी आहे. तिचा देश केवढा? लोकसंख्या तेरा-चौदा लाख. आपल्या एखाद्या तालुक्या-दोन तालुक्यांएवढा. १९४९ च्या मार्चमध्ये चार दिवसांत बाल्टिक देशांतून नव्वद हजारांवर माणसं सैबेरियाला नेली, त्यात वीस हजार एस्टोनियाची. तिच्या पणजीचं नाव त्या यादीत होतं. ही मुलगी नाटोबद्दल बोलते तेव्हा तिच्या डोक्यात अमेरिका नसते, ती मालगाडी असते. तिचं म्हणणं सरळ आहे, "आम्ही एकटे होतो तेव्हा काय झालं ते माहीत आहे. आता एकटं राहायचं नाही." याला तुम्ही प्यादं म्हणणार?

फिनलंडचा एक मुलगा आहे. तो सैन्यात राहून आलाय, तिकडं मुलांना सक्तीची सेवा असते, १६५ ते ३४७ दिवस. त्याच्या देशावर १९३९ च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौज चालून गेली, देशाचा दहावा हिस्सा गेला, चार लाखांवर माणसं घरं सोडून उठली. त्यानंतर फिनलंड अनेक दशकं नाटोबाहेर राहिला. मॉस्कोला राग येईल असं काही बोलायचं नाही, करायचं नाही. म्हणजे तुमचा आदर्श बफर. २०२२ च्या फेब्रुवारीत किव्हकडं रणगाडे निघाले आणि तीनच महिन्यांत फिन्निश संसदेनं १८८ विरुद्ध ८ मतांनी नाटोत जायचं ठरवलं. कुणी ढकललं त्यांना? वॉशिंग्टननं की मॉस्कोनं?

जर्मन मुलगा वेगळाच. त्याला बंदूक बघूनच कसंतरी होतं, आणि ते समजण्यासारखं आहे. त्याच्या घरातला इतिहास हल्ला करणाऱ्याचा आहे. लहानपणापासून शिकवलं, "पुन्हा कधीच नाही." आता जर्मनीत नवा कायदा झालाय, २००८ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना अठराव्या वर्षी सैन्याचा फॉर्म भरावाच लागतो. त्याचा धाकटा भाऊ त्यात येतो. हे दोघं भाऊ शाळेतल्या पोरांच्या निदर्शनांना गेले होते. पोलिश मुलगी त्याला म्हणाली, "तुझं 'पुन्हा कधीच नाही' म्हणजे 'आम्ही पुन्हा युद्ध करणार नाही'. माझं 'पुन्हा कधीच नाही' म्हणजे 'आमच्यावर पुन्हा कुणी करू नये'. शब्द तेच, अर्थ वेगळा." वर्ग गप्प झाला. या एका वाक्यात मला युरोप जेवढा कळला तेवढा पुस्तकात कळला नव्हता.

स्पेनच्या मुलीचं आणखी वेगळं. ती म्हणते, "नाटोनं संरक्षणावर जीडीपीच्या ५ टक्के खर्चाचं लक्ष्य ठेवलंय, इथं मला खोलीचं भाडं परवडत नाही. रशिया माझ्या गावापासून तीन हजार किलोमीटरवर आहे. रणगाडे घेणार माझे आई-वडील, कर्ज फेडणार मी." तिच्या सरकारनंही त्या लक्ष्याला विरोध केलाच. तिचा मुद्दा खोटा नाही. पोलंड ४ टक्क्यांहून जास्त खर्च करतो आणि तो पैसा कुठल्या तरी दवाखान्यातून, कुठल्या तरी वसतिगृहातूनच येतो. इथली पोरंही त्यावर कुरकुरतात. पण २०२५ च्या सप्टेंबरमधल्या त्या रात्री रशियाचे वीसेक ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले आणि वॉर्साचा विमानतळ काही तास बंद पडला, तेव्हा होस्टेलच्या कॉमन रूममध्ये ती कुरकुर मला ऐकू आली नाही.

आणि युक्रेनची मुलगी, पहिल्या बाकावरची. खार्किव्हची आहे. तिच्या शहरात शाळा मेट्रो स्टेशनात भरतात, जमिनीखाली. ती वर्गात फार बोलत नाही. मी तिला तुमच्या कमेंट वाचून दाखवलेल्या नाहीत. दाखवणारही नाही.

म्हणजे ही सगळी पोरं एका सुरात बोलतात असं समजू नका. खरं तर भयंकर भांडतात. १९४३ मध्ये वोलिनमध्ये युक्रेनी बंडखोरांनी हजारो पोलिश गावकऱ्यांची कत्तल केली. त्यावरून पोलिश आणि युक्रेनी पोरांत आजही आवाज चढतो. चेक मुलगा पोलिशांना आठवण करून देतो की १९३८ मध्ये हिटलरनं आमचा देश फाडला तेव्हा एक तुकडा तुम्हीही उचलला होता. खरं आहे, उचलला होता. इथं कुणाचेच हात पूर्ण स्वच्छ नाहीत. पण एका गोष्टीवर ही भांडखोर पोरं ठाम एकत्र असतात. आमचं काय करायचं हे आम्हाला न विचारता ठरवायचं नाही. पोलिश भाषेत म्हणच आहे, "नित्स ओ नास बेझ नास." आमच्याबद्दल काहीही, आमच्याशिवाय नाही.

आता तुमचे मुद्दे. एकेक घेते.

"नाटो पसरत गेला." पसरायला नाटो काय तेलाचा डाग आहे? १९९९ मध्ये पोलंड, चेक प्रजासत्ताक, हंगेरी, २००४ मध्ये बाल्टिक देशांसह सात, २०२३ मध्ये फिनलंड, २०२४ मध्ये स्वीडन, यातल्या प्रत्येकानं स्वतः अर्ज केला. बहुतेकांना वर्षानुवर्षं दारात थांबावं लागलं. दुसरीकडं, सोव्हिएत संघाच्या वॉर्सा करारातून हंगेरीनं १९५६ मध्ये बाहेर पडायचं म्हटलं तर रणगाडे आले. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियानं नुसती थोडी मोकळीक मागितली तरी रणगाडे आले. एका संघटनेत शिरायला रांग, दुसरीतून निघायला गोळ्या. एवढा फरक तरी ध्यानात घ्या.

"पण गोर्बाचेव्हला शब्द दिला होता." १९९० मध्ये जर्मनीच्या एकीकरणाच्या बोलण्यांत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर "एक इंचही पूर्वेला नाही" असं बोलले, हे खरं आहे. त्याचा अर्थ काय यावर इतिहासकार अजून भांडतात. पण कुठल्याही करारात ते लिहिलं गेलं नाही. लिहिलेलं काय आहे ते सांगते. ५ डिसेंबर १९९४, बुडापेस्ट. युक्रेननं आपल्याकडची अण्वस्त्रं सोडली, जगातला तिसरा मोठा साठा, आणि बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा मान राखण्याचं सही करून मान्य केलं. तोंडी शब्दावर तीस वर्षं गळा काढणाऱ्यांना सही केलेला कागद का आठवत नाही?

"युक्रेननं तटस्थ राहायचं होतं." हा तर माझा आवडता मुद्दा, कारण तो राहिलाच होता! २०१० मध्ये युक्रेनच्या संसदेनं कायदा केला की आम्ही कुठल्याही लष्करी गटात जाणार नाही. २०१४ मध्ये रशियानं क्रिमिया घेतला तेव्हा हाच कायदा लागू होता. म्हणजे कायद्यानं, कागदावर, तुम्हाला हवा तसा बफर होता आणि तरीही तुकडा गेला. कायदा रद्द झाला तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, तुकडा गेल्यावर. आधी काय, नंतर काय, एवढं तरी बघाल की नाही?

"पूर्वेकडचे लोक रशियनच आहेत." भाषेनं अनेक जण आहेत. पण १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात युक्रेनमध्ये ९० टक्क्यांवर लोकांनी स्वातंत्र्याला मत दिलं. डोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्येही ८० टक्क्यांवर. क्रिमियातसुद्धा निम्म्याहून जास्त. बेळगावात मराठी बोलणारा आणि कोल्हापुरात कन्नड बोलणारा, दोघांना विचारून बघा की भाषेवरून रणगाडे आणावेत का.

"युरोप दांभिक आहे." हो, आहे. यावर माझं तुमच्याशी भांडणच नाही, उलट मी भर घालते. २०२२ मध्ये युक्रेनी निर्वासितांना घरं उघडणाऱ्या याच पोलंडनं बेलारूसच्या सीमेवर सीरिया, इराककडून आलेल्या माणसांना जंगलात मागं ढकललं. युक्रेनमधून बाहेर पडताना आपल्या आणि आफ्रिकन विद्यार्थ्यांना रांगेत मागं सारल्याच्या तक्रारी होत्या, आपल्या महाराष्ट्रातल्या पोरांनीही ते सोसलं. २००३ मध्ये इराकवर खोट्या कारणानं हल्ला झाला, पोलंडनंही सैनिक पाठवले. गाझाबद्दल बोलताना युरोपच्या पुढाऱ्यांची जीभ कशी अडखळते ते मी रोज ऐकते. माझ्या वर्गात या प्रत्येक गोष्टीवर आम्ही प्राध्यापकांशी वाद घातलाय.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? इराकमध्ये मोठ्यानं लहानाला तुडवलं ते चूक, तर युक्रेनमध्ये तुडवलं तेही चूक. तुम्ही उलटं गणित मांडता. "अमेरिकेनं तिथं केलं ना, मग यानं इथं केलं तर काय बिघडलं?" हा न्याय नाही, हिशेब पण नाही. एका सावकारानं शेत बळकावलं म्हणून दुसऱ्या सावकाराला शेजारच्याचं शेत देऊन टाकायचं, यातला प्रकार आहे. आणि एस्टोनियानं कधी कुणाला वसाहत केलं हो? ज्यांनी आपल्याला लुटलं त्या लंडनचा राग ताल्लिनवर काढणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर.

"भारताचं हित कशात आहे ते बघ." बघते ना. युद्धाआधी आपण रशियाकडून अगदी नगण्य तेल घेत होतो, नंतर आपल्या आयातीतला तिसरा हिस्सा तिथून यायला लागला, कारण स्वस्त मिळालं. घ्या! गरीब देशाला स्वस्त तेल लागतं. युरोपही युद्ध चालू असताना रशियाचा गॅस घेत राहिला, त्यांनी आपल्याला शहाणपण शिकवू नये. हे मी वर्गात उभं राहून म्हटलंय. परराष्ट्र धोरणात सरकारला तोलूनमापून बोलावं लागतं, तेही मान्य. पण सरकारची गरज वेगळी आणि आपलं डोकं वेगळं. तेल स्वस्त मिळतं म्हणून घेतोय, एवढं सरळ म्हणा ना. त्यावर "रशियाचीच बाजू न्यायाची" अशी खोट्या इतिहासाची फोडणी कशाला? दुकानदाराकडून साखर घेतो म्हणून त्यानं शेजाऱ्याचं घर बळकावलं ते बरोबर, असं आपण म्हणतो का?

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. आपण, दीडशे वर्षं दुसऱ्याच्या नकाशावरचा रंग होतो. आपल्याबद्दल लंडनमध्ये बसून ठरायचं. १९४७ ची रेघ मारणारे रॅडक्लिफसाहेब त्याआधी कधी भारतात आलेलेच नव्हते, पाच आठवड्यांत काम उरकून गेले. त्या रेघेची किंमत गांधीनगरातल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा. आणि स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षं झाल्यावर आपल्यातलीच माणसं खुर्चीत रेलून म्हणतात, लहान देशानं पायरी ओळखावी. मोठं होण्याची एवढी घाई झाली की तुडवलं जाण्याची आठवणच गेली?

१९३८ मध्ये म्युनिकला चार मोठे देश बसले आणि चेकोस्लोव्हाकियाचा लचका जर्मनीला देऊन टाकला. चेक प्रतिनिधी त्याच शहरात हॉटेलात बसून होते, त्यांना आत बोलावलं नाही. सांगितलं काय तर, यानं शांतता येईल. सहा महिन्यांत जर्मन फौज प्रागमध्ये होती. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये चर्चिलनं मॉस्कोत स्टालिनसमोर एक चिठोरा सरकवला. रुमानियात ९० टक्के तुमचं, ग्रीसमध्ये ९० टक्के आमचं, हंगेरी निम्मं निम्मं. देश वाटले, टक्क्यांत! आणि १८ फेब्रुवारी २०२५ ला रियाधमध्ये अमेरिका आणि रशिया युक्रेनच्या युद्धाबद्दल बोलायला बसले, तेव्हा टेबलावर युक्रेनला खुर्ची नव्हती. त्या दिवशी आमच्या वर्गात कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. ज्यांच्या घरात हे आधी होऊन गेलंय त्यांना बातमीच्या फोटोतली रिकामी जागा लगेच दिसते. आपल्या चॅनेलवर मात्र त्या रात्री "मास्टरस्ट्रोक" चालू होतं.

युद्ध थांबायला हवं, हे मलाही वाटतं. रोज मरणाऱ्यांत माझ्या वयाची पोरं आहेत, दोन्हीकडची. रशियन पोरंही आहेत, त्यातली कित्येक गरीब, लांबच्या प्रांतांतली, पैशासाठी भरती झालेली. तडजोड करावी लागली तर युक्रेन करेल, कदाचित कडू करेल. पण ती करायचा हक्क खार्किव्हमधल्या माणसाचा आहे. आपला नाही आणि ट्रम्प-पुतिनचाही नाही.

तेव्हा कमेंट करा, खुशाल विरोध करा. फक्त एक अट. "बफर" हा शब्द लिहायचा असेल तर त्या जागी आधी आपल्या गावाचं नाव टाकून वाक्य मोठ्यानं वाचा. "हातकणंगले बफर म्हणून राहिलं पाहिजे." "पायरी ओळखून कागलनं गप्प बसावं." वाचता आलं, तर पोस्ट करा.

आणि एक विनंती. ज्यांच्या घरात वळिवड्याचा पोलिश कॅम्प आठवणारं कुणी असेल, किंवा त्यांनी सांगितलेलं काही आठवत असेल, त्यांनी खाली लिहा. शिक्षकांबद्दल, बाजाराबद्दल, जाताना ती माणसं काय बोलली त्याबद्दल, काहीही. इथं माझ्या वर्गातल्या दोघातिघांना ते वाचायचंय. मी भाषांतर करून देईन.